मोडली तरी चालेल अशा वस्तू

आमच्या शाळेत एक मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनल आहे, देणगीत आलेला. किंमत लाखाच्या वर. म्हणून त्याला स्वतंत्र खोली, खोलीला कुलूप, चावी ऑफिसात आणि चावी नेल्याची नोंद करायला रजिस्टर. तिथे वर्ग न्यायचा म्हणजे आधी कोणत्या तासाला खोली रिकामी आहे ते बघा, मग चावी आणा, मग रिमोट शोधा. पोट्टे रांगेनं आत जातात आणि पहिलं वाक्य ऐकतात ते, "कोणी हात लावू नका रे." बोटानं लिहिता यावं म्हणून बनवलेली वस्तू आणि तिच्यासमोर पन्नास मुलं हाताची घडी घालून बसलेली.

यात चूक कोणाचीच नाही. पॅनल फुटला तर भरून कोण देणार, हा प्रश्न खराच आहे. मी मुख्याध्यापक असते तर मीही कुलूपच लावलं असतं.

मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात स्वस्त तंत्रज्ञान वापरा, असं प्रशिक्षणात सांगतात तेव्हा रोख पैसे वाचवण्यावर असतो. माझ्या लेखी पैसे ही दुय्यम गोष्ट. स्वस्त वस्तू मोडली तर कोणी खुलासा मागत नाही, त्यामुळे ती बिनधास्त मुलांच्या हातात देता येते. मोडेल म्हणून मी ज्या वस्तूकडे डोळा लावून बसते, ती वस्तू वर्गात असूनही माझीच राहते, मुलांची होत नाही.

सुरुवात फोनपासून करते, कारण वाद तिथेच होतो. पालकसभेत मी म्हटलं, घरात जुना, बंद ठेवलेला पण चालणारा फोन असेल तर शाळेला द्या. एक वडील उठून म्हणाले, "मॅडम, आम्ही घरी पोट्ट्यांच्या हातातून मोबाईल हिसकून घेतो आणि तुम्ही शाळेत देऊन राहिल्या?" सभेत हशा पिकला, पण त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मी त्यांना दाखवलं की या फोनमध्ये सिम नाही, इंटरनेट नाही, गेम नाही. कॅमेरा, आवाज रेकॉर्ड करायची सोय आणि मोजमापाचं एक ॲप, बस. आम्ही तो तापमापीसारखा वापरतो. नंतर त्यांच्याच घरून एक फोन आला, काच तडकलेला.

काच तडकलेली चालते. फुगलेली बॅटरी मात्र अजिबात चालत नाही, असा फोन मी हातातही घेत नाही. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबर तीनच्या गल्लीत बॅटरी बदलून देणारे बसतात, फोन अगदीच जुना असेल तर तेच सांगतात, "ताई, यात पैसे घालू नका." असे तीन-चार फोन कपाटात असले की खूप झालं. प्रत्येक मुलाच्या हातात फोन असेल हे गृहीत धरून मी कधीच काही आखत नाही. 2020-21 मध्ये ते गृहीत धरून शाळा चालवून पाहिली सगळ्यांनी. घरात फोन एक, तो सकाळी वडिलांसोबत कामावर जायचा आणि पोरगी संध्याकाळी सातला "मॅडम, आज काय झालं" विचारायची. म्हणून माझा हिशेब साधा आहे. फोन एक, पोरं पन्नास, त्यात काय बसतं ते बघायचं.

त्यात सगळ्यात छान बसतात ती प्लिकर्सची कार्डं. कागदावर छापलेली काळी-पांढरी ठोकळ्यांची नक्षी, चारही बाजूंना बारीक ए, बी, सी, डी. आपलं उत्तर ज्या बाजूला आहे ती बाजू वर करून मुलानं कार्ड धरायचं. मी पुढे उभी राहून माझ्या फोनवरच्या प्लिकर्स ॲपचा कॅमेरा वर्गावरून फिरवते, तो कार्डं वाचत जातो आणि कोणी काय उत्तर दिलं ते मला दिसतं. प्रत्येक कार्डाला नंबर आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं कार्ड बघून काही कळत नाही. अक्षरं मुद्दाम बारीक आहेत, मागच्याला वाचता येऊ नयेत म्हणून. एका वर्गासाठी 63 पर्यंत कार्डं मिळतात, आमच्या तुकडीला पुरून उरतात. जाड कागदावर छपाई झाली की खर्च संपला. लॅमिनेशन करू नका, चकाकणाऱ्या प्लास्टिकवर खिडकीचा उजेड पडतो आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. कार्ड हरवलं, भिजलं, कोणी त्याचं विमान केलं, तर तेवढंच एक पान पुन्हा छापायचं.

वर्गात प्रश्न विचारला की हात वर करणारे ठरलेले सात-आठ असतात, हे कोणत्याही शिक्षकाला सांगायला नको. उरलेले काय विचार करतात ते सहामाहीचे पेपर तपासताना कळतं, तेव्हा वेळ निघून गेलेली असते. कार्डामुळे ते त्याच मिनिटाला कळतं आणि चुकलेलं उत्तर फक्त मला कळतं, वर्गाला नाही. मागच्या बाकावरच्या मुलींसाठी हा फरक फार मोठा आहे. ज्या मुलीनं वर्षभर तोंड उघडलं नाही तिची उत्तरं बघून मला एकदा शिकवणं थांबवून तोच भाग पुन्हा घ्यावा लागला, कारण ती एकटी नव्हती.

पण कार्डं वाटली म्हणजे तास रंगतो असं नाही, सगळी मदार प्रश्नावर असते. "न्यूटनचा दुसरा नियम कोणता?" असल्या प्रश्नाला कार्ड दाखवणं म्हणजे नुसता उत्साही व्यायाम. नववीला 'गतीचे नियम' शिकवताना मी विचारते: चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला तो क्षणभर थांबतो, त्या क्षणी त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? पर्याय असे: शून्य, 9.8 वरच्या दिशेनं, 9.8 खालच्या दिशेनं, आणि चौथा, 'दिशा बदलत असल्यानं सांगता येणार नाही'. दर वर्षी निम्म्याहून जास्त वर्ग 'शून्य'वर जातो, आणि त्यात पहिल्या बाकावरचे हुशार हटकून असतात.

इथे उत्तर सांगायचं नाही. हे शहाणपण माझं नव्हे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी 1990 च्या दशकात ही पद्धत रुळवली. प्रश्न टाका, प्रत्येकाला स्वतःचं उत्तर द्यायला लावा, मग शेजाऱ्याशी भांडू द्या आणि पुन्हा तोच प्रश्न विचारा. मी फळ्यावर नुसते आकडे लिहिते, 'ए'ला इतके, 'सी'ला इतके, आणि म्हणते, आता शेजारच्याला पटवा. पुढची पाच मिनिटं वर्गात जो कालवा होतो तो ऐकून शेजारच्या वर्गाचे सर एकदा डोकावून गेले. त्या कालव्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: "त्वरण नसतं तं थो तिथंच लटकला असता न बे! खाली काऊन आला मंग?" मी वीस मिनिटं फळ्यावर खडू झिजवून याच्यापेक्षा चांगलं सांगू शकले नसते. दुसऱ्या फेरीत बरीच कार्डं फिरतात. काही फिरत नाहीत, त्यांच्याशी मी बोलते.

आता भिंगाचं. हे करून बघायला तर काहीच लागत नाही. फोनच्या पडद्यावर पांढरं पान उघडा, काडीनं पाण्याचा अगदी बारीक थेंब त्यावर ठेवा आणि थेंबातून बघा. पांढरं कुठेच नाही! लाल, हिरवे, निळे ठिपके. आठवीतल्या एका मुलानं पडदा पुसून पुन्हा थेंब ठेवला, मग शेजाऱ्याचा फोन मागितला, मग खिशातून स्वतःचा रुमाल काढून तिसऱ्यांदा पुसला. पडदा खराब आहे याची त्याला खात्रीच होती. फोन माझा महागाचा असता तर मी त्याला तिसऱ्यांदा थेंब ठेवू दिला असता का? मला शंका आहे.

थेंबाच्या पुढची पायरी म्हणजे लेझर पॉइंटरचं भिंग. रस्त्यावर खेळण्यांच्या गाडीवर शंभराच्या आत मिळणारा लेझर पॉइंटर घ्यायचा, पुढची टोपी उघडून आतलं मटारच्या दाण्याएवढं भिंग काढायचं, केसाच्या क्लिपमध्ये अडकवायचं आणि कॅमेऱ्यावर चिकटपट्टीनं बसवायचं. हे काम मीच करते. भिंग काढलेला पॉइंटर मुलांकडे जाऊ देत नाही, लेझर डोळ्यात गेला तर इजा होते. कॅमेरा वस्तूच्या अगदी जवळ, काही मिलिमीटरवर न्यावा लागतो, त्यामुळे हात थरथरला की चित्र पळतं. फोन दोन बाजूंच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर आडवा ठेवायचा आणि खालून वस्तू सरकवायची, मग जमतं.

पहिली वस्तू अर्थातच संत्र्याची साल. नागपूरच्या मुलांनी संत्री जन्मापासून सोललेली असतात. साल दुमडून शेजाऱ्याच्या डोळ्यात फवारा उडवणं तर आमचा हिवाळी खेळच. पण तो फवारा सालीतल्या ज्या तेलाच्या पिशव्यांतून येतो त्या त्यांनी कधी पाहिलेल्या नसतात. भिंगातून त्या काचेच्या गोट्यांसारख्या दिसतात. मग मी मेणबत्तीच्या ज्योतीजवळ साल पिळून दाखवते, तेल भपकन पेटतं आणि पुढचा अर्धा तास कोणाला काही सांगावं लागत नाही. कांद्याचा पापुद्रा आयोडीन लावून बघणं पुस्तकातच आहे. फरक एवढाच की प्रयोगशाळेतल्या दोन सूक्ष्मदर्शकांपुढे रांग लावून प्रत्येकी दहा सेकंद बघण्याऐवजी फोनवर फोटो निघतो, तो गटानं मिळून बघता येतो आणि "ही पेशी कुठे संपते" यावर बोट ठेवून वाद घालता येतो.

याहून जास्त वर्धन हवं असेल तर फोल्डस्कोप आहे. 2014 मध्ये स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी जगापुढे आणलेला कागदाचा सूक्ष्मदर्शक. कागद घड्या घालून जुळवायचा, मधे इवलंसं भिंग, वर्धन सुमारे 140 पट. मनू प्रकाश मूळचे मेरठचे. तळ्याच्या पाण्यातले जीव त्यात पळताना दिसतात आणि खिशात घालून घरी नेता येतो. माझ्याकडचा एक एका मुलीनं आजीला दाखवायला नेला, तो परत आला तेव्हा त्यावर हळदीचा डाग होता. अजून चालतो.

बाकीचं पटापट सांगते. डीव्हीडीचा तुकडा आणि बुटाचा खोका घेऊन प्रकाश रंगांत फोडून दाखवणारा वर्णपटदर्शक होतो. सीडीपेक्षा डीव्हीडी चांगली, तिच्यावरच्या रेघा जास्त जवळ असतात, रंग जास्त पसरतात. जुन्या ट्यूबलाइटकडे पाहिलं की पाऱ्याची हिरवी रेघ वेगळी उठून दिसते, एलईडीत ती नसते. सूर्याकडे बघायचं नाही, हे मी खोक्यावरच लिहून ठेवलंय. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, हा प्रयोग ठेवते. सी. व्ही. रमण 1910 च्या सुमारास सरकारी हिशेबखात्याच्या नोकरीत नागपूरला होते, हे मुलांना माहीत नसतं. त्यांना रमण म्हटलं की गांधीसागराजवळचं रमण विज्ञान केंद्र आणि तिथली सहल आठवते. विद्युत परिपथासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावरचे आभासी प्रयोग, फुकट आहेत, मराठीतही आहेत. पण मी आधी खऱ्या सेल, वायर आणि बल्बवर तास घेते. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारी अरविंद गुप्तांची खेळणी तर आमच्या पिढीच्या शिक्षकांना नव्यानं सांगायला नकोतच.

पुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दल विचारतात लोक. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्येही पेढे वाटले गेले. मला त्यांच्या कामातलं आवडलं ते हे की कोड पुस्तकात होता आणि पुस्तक मुलाच्या दप्तरात. पण वर्गात सगळ्यांना मिळून व्हिडिओ दाखवायचा असेल तर दोन मिनिटांपलीकडे मी जात नाही. तिसऱ्या मिनिटाला चेहरे टीव्ही बघणाऱ्यांचे होतात.

आवाज रेकॉर्ड करणं मात्र मला व्हिडिओपेक्षा कितीतरी जास्त कामाचं वाटतं. आठवीला प्लावक बल शिकवून झालं की गटाला फोन देते आणि सांगते, एका मिनिटात सातवीतल्या पोराला समजेल असं सांगा. पुस्तकातली व्याख्या म्हणायची नाही. मग ऐकू येतं, "बादली विहिरीत पाण्यात असते तोवर हलकी लागते न, मंग बाहेर आली का जड होते. पाणी तिले खालून ढकलून राहिलं होतं, थे सुटलं." व्याख्या पाठ म्हणणाऱ्या मुलाला हे सांगता येईलच असं नाही. आणि जो पोट्टा तोंडी परीक्षेत प्रमाण भाषेच्या धाकानं गप्प बसतो, तो इथे मिनिट संपलं तरी थांबत नाही. काही सहकाऱ्यांना ही भाषा खटकते. मला नाही खटकत. परीक्षेतली भाषा मी नंतर शिकवते, आधी विहीर आणि बादली येऊ दे.

सगळ्यात जास्त रंगतं ते ध्वनीचं काम. नववीच्या 'ध्वनीचा अभ्यास' या धड्यात ध्वनीचा वेग येतो. पाठ करायला आकडा आहे, पण तो मोजता येतो असं कोणाच्या मनातही येत नाही. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं केलेलं. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच असतं, पहिल्या आवाजाला सुरू होतं, दुसऱ्याला थांबतं. दोन फोन घ्यायचे, मैदानावर टेपनं मोजून 20 मीटर अंतरावर ठेवायचे. पहिल्या फोनजवळची मुलगी स्टीलच्या थाळीवर पळी मारते. तिचा फोन लगेच सुरू होतो, लांबचा फोन आवाज पोचल्यावर. मग लांबचा मुलगा थाळी वाजवतो. त्याचा फोन लगेच थांबतो, तिचा फोन आवाज पोचल्यावर. दोन फोनवरच्या वेळांमधला फरक म्हणजे ध्वनीला 40 मीटर, 20 तिकडे आणि 20 इकडे, जायला लागलेला वेळ. दोघांपैकी कोणी किती उशिरा थाळी वाजवली यानं काही बिघडत नाही, हे मुलांना पटायलाच एक तास जातो. फळ्यावर चित्र काढूनही पटत नाही, करून पाहिल्यावर पटतं.

अडचण एकच, शांतता. रस्त्यावर ऑटोचा हॉर्न वाजला की स्टॉपवॉच तिथेच थांबतं. म्हणून आम्ही शाळा भरण्याआधी जमतो. जानेवारीत सकाळी सातला, स्वेटर-मफलर घालून, सावलीत तापमान 13. पुन्हा पुन्हा मोजून सरासरी आली 0.119 सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला 336 मीटर. एक मुलगा म्हणाला, हे तर पुस्तकातल्यापेक्षा कमी आहे. मी म्हटलं, एप्रिलमध्ये बघू.

एप्रिलमध्ये आमच्याकडे सकाळची शाळा. शाळा सुटल्यावर अकराच्या उन्हात तेच 20 मीटर, त्याच थाळ्या, आता डोक्याला दुपट्टे. सावलीत तापमान 39. सरासरी 0.112 सेकंद, वेग 357. तापमान अंशानं वाढलं की वेग सेकंदाला साधारण 0.6 मीटरनं वाढतो आणि शून्य अंशाला तो 331 धरतात. या हिशेबानं जानेवारीत 339 आणि एप्रिलमध्ये 354 यायला हवे होते. तडकलेल्या काचेच्या दोन फोनांनी आणि डब्यातल्या पळीनं एवढं जवळ नेलं, यावर मी खूश होते. मुलं नव्हती. 354 च्या जागी 357 का, यावर त्यांचं अडलं. फोन खराब, टेप ढिली, थाळी वेगळी, सगळं झालं. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तापमान तं आपण व्हरांड्यात सावलीत घेतलं. आवाज उन्हातून गेला न?"

तापमापी उन्हात धरली तर ती स्वतः तापते, हवेचं तापमान सांगत नाही, त्यामुळे तिचं म्हणणं लगेच तपासता आलं नाही. दोन आकड्यांमधला तीन मीटरचा फरक आमच्या मोजण्यातल्या चुकीएवढाच आहे, हेही मी सांगितलं. पटलं नाही फारसं.

आता त्यांची नवी टूम अशी की पावसाळ्यात दमट हवेत मोजायचं. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, तोवर पाऊस लागलेला असतो. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी, तिच्यातून ध्वनी थोडा जास्त वेगानं जातो हे खरं. पण तो फरक एक टक्क्याहूनही कमी. 20 मीटरवर सेकंदाचा हजारावा भागही नाही, आमच्या फोनांना तो सापडणार नाही. हे गणित त्यांनीच मांडलं आणि उपायही काढला, अंतर शंभर मीटर करू. आमचं मैदान तेवढं नाही आणि शंभर मीटरवरून थाळीचा आवाज दुसऱ्या फोनला चालू करेल का, याची मला शंका आहे. एकाच्या घरी लग्नाच्या वरातीतला ताशा आहे म्हणे. मैदान कोणाचं मागायचं, यावर सध्या चर्चा सुरू आहे.